अमृतालाही मात्रा लागते

झाडांना नावे देणारे आपले पूर्वज मोठ्या बारीक नजरेचे होते. गुळवेलीला त्यांनी एका नावावर सोडले नाही. खोडाचा आडवा काप घेतला की आत गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात, म्हणून ती चक्रलक्षणा. वासरे तिची पाने आवडीने खातात, म्हणून वत्सादनी. तोडली तरी पुन्हा फुटते, म्हणून छिन्नरुहा. जुन्या ग्रंथांतली गुडूची ती हीच. आणि या सगळ्यांच्या वर एक नाव आहे, अमृता. भावप्रकाशात तिची जन्मकथा आली आहे. रावण पडल्यावर इंद्राने रणात मेलेल्या वानरांवर अमृताचा वर्षाव केला. वानर उठून बसले आणि त्यांच्या अंगावरून ओघळलेले थेंब जिथे जिथे मातीत पडले, तिथे तिथे ही वेल उगवली.

छिन्नरुहा हे नाव किती खरे आहे, हे ज्याने बांधावरची गुळवेल पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. लिंबावर चढलेली वेल कुणी बुंध्याशी तोडली, तरी वरचा भाग लगेच वाळत नाही. तो वरूनच सुतळीसारखी बारीक मुळी खाली सोडतो. ती वाऱ्यावर हलत, थोडी थोडी लांबत, एके दिवशी मातीला टेकते आणि वेल पुन्हा उभी राहते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी पायी वारी थांबली, संतांच्या पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या आणि आपण घरूनच हात जोडले. तेव्हा मला या मुळीची फार आठवण येई. वारी तुटली नव्हती. तिने वरून एक मुळी मातीकडे सोडली होती.

त्याच दिवसांत गुळवेल घराघरांत शिरली. तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांचा काढा सरकारनेही सांगितला होता. लोकांनी त्यात आपल्या मनाने गुळवेल घातली. कुणी रस घेई, कुणी गोळ्या, कुणी चूर्ण. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य रामकृष्णहरीइतके सहज तोंडी येऊ लागले. महामारी सरली, पण ते वाक्य मागे राहिले. आज दिंडीच्या तंबूतही ते ऐकू येते. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे आणि आता दिंडीत औषधांची पेटी सांभाळतो. म्हणून या वाक्याकडे जरा थांबून पाहावे असे वाटले.

आमच्या घरी आई गुळवेलीचे सत्त्व करी. बोटाएवढे जाड खोड घ्यायचे, वरची कागदासारखी साल खरवडून काढायची, तुकडे ठेचायचे आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवायचे. सकाळी ते हातांनी खूप कुस्करायचे, पाणी फडक्यातून गाळायचे आणि भांडे हलवायचे नाही. काही तासांनी वरचे पाणी हलकेच ओतून द्यायचे. पुन्हा नवे पाणी, पुन्हा वाट पाहणे. शेवटी तळाशी पांढरा थर बसतो. तो सावलीत वाळवला की टोपलीभर खोडातून वाटीत मावेल एवढी भुकटी हाती येते. गंमत अशी, की वेल जिभेवर ठेवता येणार नाही इतकी कडू, आणि हे सत्त्व मात्र जवळजवळ बेचव. कडूपणा बराचसा पाण्याबरोबर निघून जातो.

हा पांढरा थर म्हणजे मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च. साखरेचे असंख्य कण एकापुढे एक गुंफून झालेली ती लांब माळ. अशा माळेला शास्त्रात बहुशर्करा किंवा पॉलिसॅकराइड म्हणतात. भाकरीतले पिष्ट ही बहुशर्कराच, कापसाचा धागा हीसुद्धा बहुशर्कराच. मणी कोणते आणि ते कसे ओवले, यावर माळेचा गुण ठरतो. काही माळा आपल्या पोटात पचून जातात. काही पचतच नाहीत, पण शरीराच्या राखणदारांशी बोलतात. कोरफडीच्या गरात अशी एक माळ आहे, तिला असेमॅनन म्हणतात. गुळवेलीच्या खोडातही अशी एक आहे. १९९९ साली ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी ती वेगळी काढून तिची रचना प्रसिद्ध केली. अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज या साखरांपासून बनलेली म्हणून ती अरॅबिनोगॅलॅक्टन. शास्त्रज्ञांनी तिला जी१-४ए असे साधे खुणेचे नाव दिले.

ही माळ करते काय? पूर्वी गावात जागल्या असे. रात्री वेशीवर अनोळखी माणूस दिसला की तो हाळी देई. आपल्या शरीरातही असे जागले आहेत, रक्तात आणि आतड्याच्या भिंतीत पसरलेले. जंतूंना गिळणाऱ्या त्या भक्षक पेशी. जंतूचा चेहरा त्यांना पाठ नसतो, त्याचे पांघरूण मात्र त्या ओळखतात. पुष्कळ जंतूंच्या पांघरुणावर साखर आणि स्निग्धांश यांची एक ठरावीक वीण असते. ती ओळखणारा एक डोळा या पेशींवर असतो, त्याचे नाव टीएलआर-४. १९९८ साली ब्रूस ब्यूटलर यांनी या डोळ्याचे काम दाखवून दिले आणि त्या संशोधनाबद्दल २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पुढे ट्रॉम्बेच्या प्रयोगांत दिसले की गुळवेलीची ही माळ त्याच डोळ्यातून आपले काम करते. शत्रू आलेला नसतो, पण शत्रूच्या पांघरुणाची आठवण करून देणारे काही दिसते आणि जागल्या उठून बसतो. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर हे नीट पाहिले गेले आहे. माणसाने घोटभर काढा प्यायल्यावर पोटात नेमके इतकेच होते असे त्यावरून म्हणता येत नाही. पण जुन्या वैद्यांनी जिला रसायन म्हटले, तिच्यात काहीतरी जागे करणारे आहे, एवढे खरे.

म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. ‘वाढते’ म्हटले की रांजणात पाणी भरावे तसे वाटते. जितके भरेल तितके बरे. शरीराची राखण ही रांजणातले पाणी नव्हे. ती जागी होते, धावते, लढते आणि काम झाले की तिने परत निजावे लागते. गुळवेल जागे करते. एवढे लक्षात ठेवले की पुढच्या दोन गोष्टी समजतात. दोन्ही मुंबईतल्या आहेत.

पहिली गोष्ट केईएम रुग्णालयाच्या आवारातली. तिथल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर अनेक वर्षे काम केले. मराठी वाचकांना डहाणूकरबाई झाडाफुलांवरच्या ललित लेखनामुळे ठाऊक असतील. पण त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि वैद्यांचे ज्ञान रुग्णालयाच्या कसोटीवर घासून पाहावे असा त्यांचा ध्यास होता. पित्ताची वाट बंद होऊन झालेली कावीळ फार वाईट. तिच्यात जंतू गिळणाऱ्या पेशी सुस्तावतात, रक्तात जंतू माजतात आणि शस्त्रक्रिया झाली तरी माणूस हातचा जातो. या गटाने असे ३० रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. सगळ्यांना नेहमीचे उपचार मिळाले. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वीच्या दिवसांत त्याबरोबर गुळवेलही दिली. १९९३ मध्ये निष्कर्ष छापून आले. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतूंचा प्रादुर्भाव झाल्याची लक्षणे दिसली, गुळवेल घेतलेल्यांपैकी एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले ४० टक्के वाचले, दुसऱ्यातले ९२ टक्के. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की यकृताचे काम दोन्ही गटांत सारखेच राहिले. फरक पडला तो सुस्तावलेल्या पेशी पुन्हा गिळू-मारू लागल्या म्हणून. तीस ही संख्या लहान आहे, हे खरेच. तरी जागल्याला जागे करणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट त्याच शहरातली, सुमारे तीन दशकांनंतरची. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी कावीळ झालेले सहा रुग्ण पाहिले. सगळे गुळवेल घेत होते, महामारीच्या भीतीने आणि आपल्या मनाने. त्यांच्या यकृताला आलेली सूज अशी होती, जणू शरीराची राखणच यकृतावर उठली आहे. काहींना थायरॉइडसारखे आजार आधीपासून होते, ज्यांत राखण घरच्यांवरच संशय घेते. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने मुंबईच्या नोंदीवर आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची तपासणी झालेली नाही, तिच्यासारखी दिसणारी, खोडावर गाठी-गाठी असलेली आणि तोडल्यावर दुधासारखा चीक देणारी तिची एक बहीण आहे, ती तर घेतली गेली नसेल? हा आक्षेप पोरकट नाही. बांधावरून वेल ओढून आणणाऱ्याला हा फरक कळतोच असे नाही. डॉक्टरांची काळजीही पोरकट नाही. दोघांचे म्हणणे शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते: काय घेतले, किती घेतले, कुणी घेतले, हे कुणीतरी पाहायला हवे होते.

एकाच शहरात, एकाच नावाच्या वेलीने एकदा कावीळ झालेल्याला तारले आणि एकदा धडधाकट वाटणाऱ्याला कावीळ दिली, असे दिसते. यातली एक साक्ष खरी आणि दुसरी खोटी, असे ठरवायची आपल्याला घाई होते. मला वाटते, दोन्ही एकच सांगतात. जिथे राखण झोपली होती तिथे जागे करणे हे जीवदान ठरले. जिथे राखण आधीच अस्वस्थ होती, तिथे तिला आणखी डिवचणे घरावर उलटले.

हे सगळे कागदावर सोपे आहे. दिंडीत ते सोपे नसते. पायी वारी पुन्हा सुरू झाली त्या वर्षी, २०२२ मध्ये, आमच्या दिंडीतल्या एका शेतकरी माउलींनी घरून गुळवेलीच्या चूर्णाच्या पिशव्या आणल्या होत्या. आपल्याच बांधावरची वेल, आपल्या हातांनी वाळवून कुटलेली. दोन वर्षे वारी चुकल्याची सारी तळमळ त्या पिशव्यांत होती. फलटणच्या मुक्कामी त्यांनी मोठे पातेले चुलीवर चढवले आणि पंगतीत प्रत्येकाला वाटीभर काढा द्यायला सुरुवात केली. पंगतीत एक आजी होत्या. सांधे धरण्याच्या जुनाट दुखण्यावर त्यांचे औषध चालू होते, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. माझ्या पेटीच्या वहीत त्याची नोंद होती. मी वाटी मध्येच धरली आणि म्हणालो, “माउली, आजींना नको.”

त्यांना ते लागले. “मास्तर, हे अमृत आहे. देवाच्या वाटेवर वाटतोय. अमृताने कुणाचं वाईट झालंय का?”

आजींच्या शेजारी बसलेले म्हातारबाबाही त्यांच्याच बाजूने बोलले, आणि त्यांचे बोलणे खोटे नव्हते. “आमच्या थोरल्या भावाला वैद्यांनी सांध्याच्या दुखण्यावर गुळवेलच दिली होती की.” वातरक्तावर गुळवेल, हे वैद्यकातले जुने आणि मानाचे वचन आहे. मी काय बोलावे हे जुळवीत होतो, तेवढ्यात आजीच बोलल्या.

“बाबा, डागदरनं मला समजावलंय. माझ्या अंगातली राखणच माझ्या सांध्यांवर उठलीया. तिला निजवायला मी दर गुरुवारी गोळी घेती. आता तू तिला उठवायचा काढा देतूस. एकानं निजवायचं, एकानं उठवायचं, मी कुणाचं ऐकू?”

पंगत हसली. ते शेतकरी माउलीही हसले, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आपण प्रेमाने आणलेले कुणी परत करावे, हे दुःख लहान नसते. त्या रात्री विणेकरी बुवांनी त्यांना जवळ बसवून एकच गोष्ट सांगितली: वैद्याने त्यांच्या भावाला दिली ती नुसती वेल नव्हती. त्याने नाडी पाहिली, पोट पाहिले, वय पाहिले, आणखी काय औषध चालू आहे ते विचारले, मात्रा ठरवली आणि कधी थांबायचे तेही सांगितले. वेल त्यातला एक भाग होती, बाकीचे वैद्याचे पाहणे होते. आपण वेल उचलली आणि पाहणे मागे ठेवले. दुसऱ्या दिवसापासून पातेल्यात सुंठ, तुळस आणि गूळ आला. चूर्णाच्या पिशव्या त्यांनी पंढरपुराहून परत नेल्या आणि गावच्या वैद्यांकडे दिल्या.

मला त्यांच्या प्रश्नाने मात्र पुढे पुष्कळ दिवस सोडले नाही. अमृताने कुणाचे वाईट होते का? हा प्रश्न त्यांनी का विचारला असेल? मला वाटते, तो वारकऱ्यालाच सुचावा असा प्रश्न आहे. आपल्या संतांनी आपल्याला एक अमृत दिले, नाम. ते देताना त्यांनी कुणाची जात पाहिली नाही, वय पाहिले नाही, विद्या पाहिली नाही. त्याला अधिकार लागत नाही, मुहूर्त लागत नाही, मात्रा लागत नाही. कमी घेतले तरी चालते, जास्त घेतले तर अपाय नाही, आणि दुसऱ्या कशाशी त्याचे भांडण नाही. सातशे वर्षे आपण हे अमृत सरसकट वाटत आलो. त्यामुळे जे जे चांगले ते ते सरसकट वाटावे, ही सवय आपल्या हाताला लागली. ती सवय गोड आहे. पण ती नामाची आहे, औषधाची नाही. सरसकट वाटावे असे या जगात फार थोडे आहे. वनस्पतीत गुण आहे म्हणूनच तिला मर्यादा आहे. जिच्यात काहीच नाही, ती कुणालाही द्या, काही होणार नाही.

माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांना समाजआरतीची वेळ आठवत असेल. तळावर सगळ्या दिंड्या भोवती उभ्या असतात. टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतात, हाळी देतात आणि एवढा समुदाय क्षणात शांत होतो. एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर ती बेशिस्त नसते. त्या दिंडीला काही गाऱ्हाणे आहे, ही खूण असते. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, मार्ग काढतात. मगच आरती होते. शरीराचा सोहळाही मला असाच वाटतो. टाळ वाजवणारे हवेत, वाजवायला लावणारे हवेत, पण चोपही हवा. ज्याच्या अंगात टाळ थांबतच नाहीत, त्याला आणखी जोराने वाजवायला सांगणे ही सेवा नव्हे. आधी त्याचे गाऱ्हाणे ऐकावे.

म्हणून आमच्या दिंडीत आता काढ्याच्या आधी विचारणा होते. सांधे धरण्याचा, थायरॉइडचा, यकृताचा किंवा अंगावर उठण्याचा जुना आजार आहे का? शरीराची राखण शांत ठेवणारी गोळी चालू आहे का? मूत्रपिंड किंवा यकृत बदलून घेतले आहे का? मधुमेहाचे औषध चालू आहे का, कारण गुळवेल साखरही उतरवते. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी कुणी आहे का? यातल्या कुणालाही गुळवेल द्यायची तर ती वैद्य किंवा डॉक्टरांनी, आम्ही नाही. आणि घरी कुणी घेत असेल, तर भूक मरणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे यांतले काहीही दिसले की त्याच दिवशी थांबावे, डॉक्टरांकडे जावे आणि काय घेत होतो ते लपवू नये. “झाडपाल्याचं काय सांगायचं,” असे म्हणून पुष्कळ जण डॉक्टरांपुढे गप्प राहतात. झाडपाल्याला एवढे कमी लेखणे हा त्या वेलीचाही अपमानच आहे.

या विचारणेला काही जण हसतात. “प्रसादाला एवढी चौकशी?” म्हणतात. पण मी पाहतो, या चौकशीत रोज काहीतरी नवे कळते. कुणाची गोळी घरी राहिलेली असते, कुणी तीन दिवस उपाशी चाललेला असतो, कुणाचा पाय सुजलेला असतो आणि तो कुणाला सांगितलेला नसतो. एकमेकांच्या पाया पडणे ही आपली रीत आहे. पाया पडताना तो पाय कसा आहे, हेही पाहावे. समोरच्यात पांडुरंग आहे असे मानणाऱ्याने त्या पांडुरंगाला आज काय सोसते आणि काय सोसत नाही, हे विचारल्याशिवाय त्याच्यापुढे वाटी धरू नये.

सर्वांना अमृत मिळो. ज्याला जे सोसेल ते, जेवढे सोसेल तेवढे. आणि जे सर्वांना सोसते, ते नाम अखंड मुखी राहो.

राम कृष्ण हरि.